पक्ष, साध्य आणि कुलूप

मराठी शिकवणाऱ्या बाईने दिवाळी अंकात संगणकावर लिहावे, हे पाहून काही वाचक चष्मा पुसून मथळ्याखालचे नाव पुन्हा एकदा वाचतील. आजवर या सदरात म्हणी झाल्या, ओव्या झाल्या, ऱ्हस्वदीर्घाची भांडणेही झाली. मग यंदा हा संगणक कोठून आला? पण विषय खरे पाहता भाषेचाच आहे. एका विशेषणाचा आहे. ते विशेषण म्हणजे ‘सुरक्षित’.

हा शब्द सध्या फार स्वस्त झाला आहे. मोबाइलवरून विजेचे बिल भरा, ‘आपला व्यवहार सुरक्षित आहे’ अशी ओळ उमटते. आपण ती वाचतो आणि निर्धास्त होतो. कशापासून सुरक्षित, हे ती ओळ सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही. पाणिनीने मात्र दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी याची दखल घेतली होती. भिणे आणि राखणे या अर्थाचे धातू वाक्यात आले, की ज्याचे भय असेल त्याला अपादान म्हणावे, असा नियमच त्याने अष्टाध्यायीत घालून ठेवला आहे. चोरापासून राखतो, वाघापासून राखतो. रक्षण म्हटले की भयाचे नाव सांगणे आलेच. ते न सांगता नुसते ‘सुरक्षित’ म्हणणे म्हणजे अर्धे वाक्य बोलून गप्प बसणे होय.

हे वाक्य पुरे करण्याचा हट्ट धरणारी एक विद्या संगणकशास्त्रात आहे. तिला ‘फॉर्मल व्हेरिफिकेशन’ म्हणतात. माझा भाचा बंगळूरला याच कामात आहे. ‘अरे, तू नेमके करतोस तरी काय?’ असे मी एकदा त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘आत्या, शाळेत भूमितीची प्रमेये सोडवायचो ना, तेच. फक्त त्रिकोणाच्या जागी प्रोग्रॅम असतो.’

शाळेतल्या वहीत आपण सर्वांनी कधी ना कधी पक्ष, साध्य, सिद्धता अशी शीर्षके लिहिली आहेत. पक्ष म्हणजे जे दिलेले आहे, गृहीत धरायचे आहे ते. साध्य म्हणजे जे सिद्ध करायचे ते. आणि सिद्धता म्हणजे पक्षापासून साध्यापर्यंतच्या पायऱ्या. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाशी असलेले कोन सारखे असतात, हे आपण शंभर त्रिकोण मोजून ठरवले नाही. एकदा सिद्ध केले, आणि जगातले झाडून सारे समद्विभुज त्रिकोण त्यात आले.

संगणकाचे प्रोग्रॅम मात्र बहुधा शंभर त्रिकोण मोजूनच तपासले जातात. त्याला चाचणी म्हणतात. चाचणीने चूक आहे हे कळेल, चूक नाही हे कधीच कळणार नाही, असे डाइक्स्ट्रा नावाचे डच शास्त्रज्ञ आयुष्यभर बजावीत राहिले. त्यांचे म्हणणे साध्या हिशेबाने पटते. समजा, दोन संख्यांची बेरीज करणारा एक इवलासा प्रोग्रॅम आहे. संगणकाची गणती शून्य आणि एक या दोनच अंकांत चालते. प्रत्येक संख्येला असे ३२ अंक मावतील एवढी जागा आहे असे धरू. तर अशा संख्यांच्या जोड्या होतात सुमारे १ लाख ८४ हजार कोटी कोटी. दर सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासल्या, तरी त्या संपायला सुमारे ५८५ वर्षे लागतील. बहमनी अमदानीत तपासायला बसलेला परीक्षक आज कोठे पाठ सरळ करू शकला असता! आणि हे नुसत्या बेरजेचे झाले.

सुरक्षिततेच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे. साध्यासुध्या चुकीशी आपली गाठ योगायोगाने पडते. चोर तिला शोधीत येतो. न तपासलेली जी एक जोडी राहिली असेल, तीच त्याला हवी असते. रायगडावरच्या हिरकणीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. दरवाजे बंद, पहारे चोख. तरी घरी तान्हे मूल आहे म्हणून ती गवळण कड्यावरून उतरून गेली, आणि महाराजांनी त्या जागी बुरूज बांधला. आपण त्या माउलीच्या धैर्याने भारावून जातो, आणि ते योग्यच आहे. पण गडाच्या रखवालदाराला त्या रात्रीनंतर दुसराच प्रश्न पडला असेल. ही एक वाट सापडली आणि बुजवली. उरलेल्या कड्यांचे काय? एक छिद्र बुजवले, यावरून दुसरे नाही असे ठरत नाही. तसे ठरवायचे तर सिद्धताच हवी.

प्रोग्रॅमची सिद्धता देता येईल, हे सुचवणाऱ्या अगदी पहिल्या लोकांत अ‍ॅलन टुरिंग होते. जून १९४९ मध्ये केंब्रिज येथील एका परिषदेत त्यांनी एक छोटासा निबंध वाचला. त्यातले उदाहरण कोणत्याही गृहिणीला कळेल असे आहे. लांबलचक बेरीज तपासायची असेल आणि खाली नुसते उत्तर लिहिले असेल, तर सारी बेरीज पुन्हा करावी लागते. पण हातचे लिहून ठेवले असतील, तर प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे तपासता येतो. प्रोग्रॅम लिहिणाराने तसेच जागोजागी लिहून ठेवावे, की येथे अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे. म्हणजे तपासणाराचे काम सोपे होईल. पुढे १९६७ साली रॉबर्ट फ्लॉइड आणि १९६९ साली टोनी होअर यांनी या विचाराला रीतसर नियमांचे रूप दिले. पायऱ्या हजारांनी वाढू लागल्या आणि माणसाचा डोळा थकू लागला, तेव्हा सिद्धता तपासणारे प्रोग्रॅम तयार झाले. माणूस सिद्धता रचतो, यंत्र तिची पायरी न् पायरी तपासते, आणि एखादी पायरी सुटली तर मुळीच ऐकत नाही. आमच्या वेळच्या भूमितीच्या मास्तरांची आठवण व्हावी असा हा कारभार आहे.

आता या विद्येने काय साधले, ते पाहू. १९७८ साली रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर या दोघांनी, दूरच्या दोन संगणकांनी एकमेकांची ओळख कशी पटवावी याची एक रीत सांगितली. ती अशी समजा, की प्रत्येकाजवळ स्वतःची खूप कुलपे आहेत. ती त्याने सगळ्यांना वाटून ठेवली आहेत. दाबले की कोणालाही लावता येतात, पण उघडण्याची किल्ली एकट्या मालकाजवळ. अण्णांना बापूंशी बोलायचे आहे. ते बापूंचे कुलूप लावून एक पेटी पाठवतात: ‘मी अण्णा, माझा गुप्त आकडा १७.’ बापू अण्णांच्या कुलपाची पेटी परत धाडतात: ‘१७ पोचला, माझा आकडा ४२.’ अण्णा पुन्हा बापूंच्या कुलपात ४२ हा आकडा घालून पाठवतात. झाली ओळख. बापूंची पेटी बापूंखेरीज कोण उघडणार?

रीत इतकी सरळ, की १७ वर्षे तिच्यातले वैगुण्य उघड झाले नाही. १९८९ साली खुद्द नीडहॅम आणि त्यांचे दोन सहकारी यांनी अशा रीतींसाठी रचलेल्या तर्कपद्धतीने ती तपासली, तेव्हाही ते दिसले नाही. १९९५ साली गॅव्हिन लो या इंग्रज संशोधकाने ते दाखवून दिले. मध्ये चिंतोपंत नावाचे गृहस्थ आहेत असे समजा. अण्णा त्यांनाच आपण होऊन पेटी पाठवतात: ‘मी अण्णा, १७.’ चिंतोपंत ती उघडतात, तोच मजकूर बापूंच्या कुलपात घालतात आणि अण्णांच्या नावाने पुढे धाडतात. बापू ‘१७, ४२’ अशी पेटी अण्णांचे कुलूप लावून पाठवतात. चिंतोपंतांना ती उघडता येत नाही. पण उघडायची आहे कोणाला? ते ती तशीच अण्णांकडे सरकवतात. अण्णा पाहतात, १७ आहे, म्हणजे चिंतोपंतांचेच उत्तर. ते ४२ हा आकडा चिंतोपंतांच्या कुलपात घालून पाठवतात. चिंतोपंतांच्या हाती बापूंचा आकडा आला, आणि तो बापूंकडे जाताच आपण अण्णांशीच बोलत आहोत अशी बापूंची खात्री पटली. एकही कुलूप फुटले नाही.

दुरुस्ती कोणती केली म्हणाल? बापूंनी दुसऱ्या पेटीत ‘मी बापू’ एवढे दोन शब्द घालावेत. मग अण्णा लगेच म्हणतील, पत्र लिहिले चिंतोपंतांना आणि उत्तर बापूंचे कसे? पत्राखाली सही हवी, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते! लो यांनी १९९६ साली, सगळ्या शक्य चाली एकामागून एक तपासणाऱ्या प्रोग्रॅमकडून हे छिद्र शोधून दाखवले आणि सुधारलेली रीतही त्याच्यापुढे ठेवली. तिच्यात त्याला फट सापडली नाही.

मात्र येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. मूळ रीत रचणाऱ्यांनी चोर बाहेरचा धरला होता. ज्याच्याशी अण्णा आपण होऊन बोलतात, तोच लबाड असेल, हे त्यांच्या पक्षात नव्हते. सिद्धतेची पायरी चुकली नव्हती. जग बदलले आणि पक्ष जुना झाला.

या विद्येचे मोठे यश पाहायचे तर ऑस्ट्रेलियात जावे लागेल. तेथील निक्टा या संस्थेतल्या संशोधकांनी २००९ साली ‘एसईएलफोर’ नावाच्या प्रणालीची सिद्धता प्रसिद्ध केली. संगणकाच्या अगदी गाभ्याशी बसून कोणत्या प्रोग्रॅमला कोठे हात लावू द्यायचा, हे ठरवणारा हा छोटा प्रोग्रॅम. त्याच्या ओळी सुमारे ८,७००. सिद्धतेच्या ओळी सुमारे २ लाख! एका माणसाने करायचे म्हटले तर वीस वर्षे पुरावे एवढे काम. या गाभ्याची कसोटी पुढे अमेरिकेत लागली. २०१५ साली बोइंगच्या ‘लिटल बर्ड’ या वैमानिकाशिवाय उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या संगणकात शिरण्यासाठी तरबेज मंडळी मुद्दाम बसवण्यात आली. एका कप्प्यात तर त्यांना आधीच प्रवेश दिला होता. चोराला ओसरीवर बसवून माजघराचे दार तपासावे, तसा हा प्रकार. त्यांना त्या कप्प्यातून पुढे सरकता आले नाही.

हे वाचून कोणाला वाटेल, मग सारेच प्रोग्रॅम असे सिद्ध का करीत नाहीत? तर ८,७०० ओळींना एवढे श्रम पडले. लिनक्स या प्रसिद्ध प्रणालीच्या गाभ्याच्या ओळी दोन कोटींहून अधिक आहेत. म्हणून हल्ली नेमकी मोक्याची ठिकाणे निवडून तेवढी सिद्ध करतात. आपला ब्राउझर बँकेच्या संगणकाशी ज्या गुप्त रीतीने बोलतो, तिची २०१८ ची आवृत्ती ठरवताना मसुदा तयार होत असतानाच अनेक संशोधकांनी तो अशा साधनांनी पारखला होता. घर बांधून झाल्यावर भिंत ठोकून पाहण्यापेक्षा नकाशाच तपासलेला बरा.

मला या ऑस्ट्रेलियन मंडळींचे सर्वांत अधिक कौतुक वाटते ते निराळ्याच कारणासाठी. सिद्धतेबरोबर आपण काय काय गृहीत धरले, याची यादीही त्यांनी छापली. प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत भाषांतर करणारे साधन बिनचूक आहे, संगणकाचे यंत्र सांगितल्याप्रमाणे चालते, वगैरे. भाषांतराच्या गृहीतापुरती पुढची सिद्धता त्यांनी नंतर केली. यंत्राचे गृहीत मात्र राहिले. आणि जानेवारी २०१८ मध्ये, संगणकाच्या चिपाच आपल्या घाईमुळे गुपिते बाहेर सांडतात, असे उघड झाले. ज्यांनी यादी छापली होती, त्यांना निदान कोठे पाहायचे हे ठाऊक होते.

आता साध्याचे पाहा. आपल्या घरोघरी जे वायफाय असते, त्यात मोबाइल आणि वायफायची पेटी यांच्यात प्रथम चार निरोपांची देवघेव होऊन किल्ली ठरते. २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी या देवघेवीची सिद्धता दिली होती: किल्ली गुप्त राहते आणि दोन्ही बाजूंची ओळख पटते. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहूफ यांनी दाखवले, की तिसरा निरोप चोराने पुन्हा पुन्हा पोचवला, तर मोबाइल तीच किल्ली नव्याने बसवतो आणि आपली मोजणी पहिल्यापासून सुरू करतो. त्यामुळे गुप्त लिपीचे एकच पान दोन निराळ्या पत्रांना वापरले जाते. आणि अशी दोन पत्रे शेजारी ठेवली, की मजकूर उकलता येतो. मग २००५ ची सिद्धता खोटी ठरली का? नाही. किल्ली शेवटपर्यंत गुप्तच राहिली. ती कितीदा बसवावी, हे कोणी साध्यात लिहिलेच नव्हते. व्हॅनहूफ यांनी स्वतःच हे स्पष्ट केले आहे.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. हिरण्यकशिपूने वर मागताना काय थोडी काळजी घेतली होती? माणसाकडून नको, पशूकडून नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. ब्रह्मदेवाचा शब्द अक्षरशः खरा राहिला, आणि तिन्हीसांजेला उंबरठ्यावर नरसिंह प्रकटला. यादी लांब असली म्हणजे ती पुरी असतेच असे नाही.

येथवर वाचून एखादी वाचक भगिनी म्हणेल, हे सारे शास्त्रज्ञांचे झाले; आम्हांला त्याचे काय? तर आमच्या शेजारच्या आप्पांचे सांगते. आप्पा निवृत्त पोस्टमास्तर. गेल्या चैत्रात त्यांना ‘बँकेतून बोलतो आहे’ असा फोन आला. बोलणारा मोठा अदबीचा. खाते बंद पडेल म्हणाला. आप्पांनी मोबाइलवर आलेला सहा आकडी अंक त्याला वाचून दाखवला, आणि खात्यातले ऐंशी हजार रुपये गेले. बँकेकडे तक्रार केली तेव्हा उत्तर आले: आमची यंत्रणा पूर्णपणे सुरक्षित असून तीत कोणताही बिघाड आढळला नाही. आप्पा ते उत्तर घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, ‘बाई, तुम्ही भाषा शिकवता. यंत्रणा सुरक्षित आहे, आणि माझे पैसे गेले. ही दोन्ही वाक्ये एकदम खरी कशी?’

मी त्यांना पाणिनीचे अपादान सांगितले, आणि भाच्याची भूमितीही सांगितली. अंक चोरून पाहणाऱ्यापासून यंत्रणा सुरक्षित असेल. तो अंक गोड बोलून वदवून घेणाऱ्यापासून नाही. ‘खातेदार आपला अंक कोणालाही सांगणार नाही’ हे मुळात गृहीतच धरलेले आहे. आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे राखायच्या गोष्टींत मी नाहीच. मी त्यांच्या पक्षात आहे. आणि मला कोणी विचारलेही नाही!’ पुढे ते म्हणाले, ‘आमच्या खात्यात मनिऑर्डर घेणाऱ्याला सही येत नसली, तर अंगठ्याबरोबर साक्षीदार लागे. लिहिता न येणारी माणसे येणारच, हे आम्ही धरून चाललो होतो.’

आप्पांच्या या बोलण्यापुढे मला काही सांगता आले नाही. कारण मुद्द्याचे त्यांनीच सांगितले होते. पायऱ्या तपासण्याचे काम आता यंत्र आपल्यापेक्षा चांगले करते, आणि ते त्याने करावे. पण पक्ष आणि साध्य माणसेच लिहितात. काय राखायचे हे जो ठरवतो, तो काय राखायचे नाही हेही ठरवतो; आणि जे राहून गेले त्याचा भुर्दंड कोणी भरायचा, हेही बहुतेक तेथेच ठरून जाते. एखाद्या म्हाताऱ्याला फोनवर गोंधळवता येते, हे धरून चालणारी यंत्रणा निराळ्या तऱ्हेने रचावी लागेल. मोठी रक्कम जाण्यापूर्वी चार तास थांबा, घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा, असे काहीतरी. ते गणिताला अवघड नाही. आधी कोणीतरी ते साध्यात लिहिले पाहिजे.

म्हणून यापुढे कोणी ‘सुरक्षित’ म्हणाले, की वाचकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. कशापासून? काय गृहीत धरून? आणि ते गृहीत मोडले तर भार कोणावर? विचारायला संगणकशास्त्र शिकावे लागत नाही. शाळेतली भूमिती आणि थोडे व्याकरण पुरते. उत्तर देणारा खरा जाणकार असेल, तर तो रागावणार नाही. तो आपली यादी काढून दाखवील.

आप्पांची तक्रार आता बँकेच्या वरच्या अधिकाऱ्यांकडे गेली आहे. तिचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून केला, आणि त्यात हेच तीन प्रश्न क्रमांक घालून विचारले आहेत. उत्तर अजून यायचे आहे. तोवर आपणा सर्वांना दिवाळी सुखाची जावो. आणि फराळ करताना फोन वाजलाच, तर आधी लाडू संपवावा. सहा आकडी अंक विचारणाऱ्याला खुशाल ताटकळू द्यावे.